कंसातलं जनुक

ती प्लेट अजून डोळ्यांसमोर आहे. २००९ चा नोव्हेंबर, सकाळचे साडेसात, पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये मी एकटीच. ३७ अंशाच्या इन्क्युबेटरमधून प्लेट काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. पिवळसर आगरवर यीस्टच्या ठिपक्यांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे दहा-दहापट पातळ होत गेलेले पाच ठिपके. पहिली ओळ साध्या यीस्टची, शेवटच्या ठिपक्यापर्यंत भरघोस. दुसरी माझ्या स्ट्रेनची, म्हणजे मी अभ्यासत असलेलं जनुक काढून टाकलेल्या यीस्टच्या वाणाची. पहिल्या ठिपक्यात दुधावर पुसट साय धरावी तेवढीच वाढ, पुढे काही नाही. तिसरी ओळ मी निव्वळ तुलनेसाठी लावली होती. वायपीटी६ हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट ३७ अंशाला तग धरत नाही, हे जुनं माहीत असलेलं. माझी दुसरी ओळ आणि ही तिसरी ओळ जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. ३० अंशाच्या प्लेटवरसुद्धा दोघींच्या वसाहती सारख्याच बारक्या.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं वाटलं. उणे ८० च्या फ्रीझरमधून दोन्ही स्ट्रेन पुन्हा काढले, पुन्हा प्लेटवर वाढवले, पीसीआर करून, म्हणजे डीएनएचा नेमका तुकडा वाढवून, तपासले. अदलाबदल नव्हती. पुन्हा प्लेट लावली, पुन्हा जुळ्या. मग पहिल्यांदा मी बाराव्या क्रोमोसोमचा नकाशा उघडून त्या जागेकडे नीट बघितलं. ते काम आठ महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

माझ्या जनुकाचं नाव वायएलआर२६१सी. यीस्टच्या जनुकांची ही नावं म्हणजे पत्तेच असतात. वाय म्हणजे यीस्ट. एल हे बारावं अक्षर, म्हणून बारावं क्रोमोसोम. आर म्हणजे सेंट्रोमियरच्या, म्हणजे क्रोमोसोमच्या मधल्या गाठीच्या, उजवीकडची भुजा, २६१ हा सेंट्रोमियरपासून मोजत गेल्यावरचा क्रमांक, आणि शेवटचा सी म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी क्रिक नावाचा धागा. दुसऱ्या धाग्यावरचं असतं तर वॉटसनचा डब्ल्यू लागला असता. या पत्त्यापलीकडे त्याला एक खास नावही मिळालं होतं, व्हीपीएस६३. २००२ मध्ये यीस्टच्या डिलीशन संग्रहातून, म्हणजे प्रत्येकी एकेक जनुक काढलेल्या स्ट्रेनच्या साठ्यातून, हजारो स्ट्रेन चाळले गेले होते. कुठलं जनुक काढलं की प्रथिनं व्हॅक्युओलपर्यंत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीपर्यंत, पोचण्याऐवजी वाट चुकून पेशीबाहेर पडतात, हे त्यात शोधलं होतं. वायएलआर२६१सी काढल्यावर तसं होत होतं, म्हणून त्याला व्हीपीएस मालिकेतला नंबर मिळाला. निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. माझ्या प्लेटवरचं निरीक्षणही खरंच होतं.

मला ते जनुक सापडलं ते लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका एक्सेल फाइलमध्ये. फाइल २००२ च्या आसपासची. त्यात पत्ता होता, नाव होतं, काढल्यावर काय होतं ते होतं, आणि कार्याच्या रकान्यात ‘अज्ञात’. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला याहून काय हवं? कुणी हात न लावलेलं जनुक, आणि काढलं की ढळढळीत परिणाम. मी कामाला लागले. प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ते पेशीत कुठे बसतं ते बघायचा प्रयत्न केला, काही दिसलं नाही. अँटीबॉडीने शोधलं, पट्टा आला नाही. ‘फार कमी प्रमाणात असेल’ अशी समजूत घालून घेतली आणि पुढचे तीन महिने ‘कमी प्रमाणातलं’ प्रथिन पकडण्यात गेले.

नकाशावर वायएलआर२६१सी जवळपास अख्खंच्या अख्खं वायएलआर२६२सी च्या आत बसलेलं दिसलं, ९८ टक्के. आणि वायएलआर२६२सी म्हणजेच वायपीटी६. दोन्हींच्या नावाच्या शेवटी सी आहे, म्हणजे धागाही एकच. फरक फक्त अक्षरं वाचायची सुरुवात कुठून करायची एवढ्याचा. डीएनए तीन-तीन अक्षरांत वाचला जातो. एक घर सरकून वाचायला लागलं की त्याच अक्षरांतून वेगळीच वाक्यं निघतात, बहुतेक वेळा निरर्थक. वायपीटी६ ची चौकट २१५ अमिनो आम्लांचं एक खरं, कष्टाळू प्रथिन देते, जे पेशीतल्या गॉल्जी या प्रथिनं वाटून पाठवणाऱ्या भागाकडे परतणाऱ्या पुटकुळ्यांची वाहतूक सांभाळतं. त्याच जागेत सरकून वाचलं तर जेमतेम शंभरी ओलांडणारा एक तुकडा मिळतो. तो होता व्हीपीएस६३. डिलीशन संग्रह बनवताना तो तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापून तिथे औषधप्रतिरोधाचं जनुक घातलं गेलं, आणि त्या कापण्यात वायपीटी६ चाच मोठा तुकडा गेला. आठ महिने मी वायपीटी६ च्या मोडतोडीचा अभ्यास दुसऱ्याच्या नावाने करत होते.

मग वेबसाइटवर जाऊन स्टॅनफर्डच्या सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेसवरचं, म्हणजे आम्ही ज्याला एसजीडी म्हणतो त्यावरचं, त्या जनुकाचं पान उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: डुबियस, म्हणजे संशयास्पद. प्रथिन बनवत असण्याची शक्यता कमी, वायपीटी६ शी ९८ टक्के सामाईक. कुणीतरी माझ्या कितीतरी आधी ती नोंद दुरुस्त करून ठेवली होती. आमची फाइल मात्र त्या दुरुस्तीच्या आधीची होती.

त्या रात्री घरी फोन केला तेव्हा रडू फुटलं. आप्पा तासगाव तालुक्यात तलाठी होते, आता निवृत्त आहेत. त्यांना जनुक, प्रथिन यातलं काही सांगायची सोय नव्हती, म्हणून मी म्हटलं, ‘‘आप्पा, समजा एका गटात कुणीतरी चुकून दुसऱ्या नावाने पोटहिस्सा दाखवलाय. प्रत्यक्षात जमीन एकाचीच आहे. आणि मी आठ महिने त्या दुसऱ्या नावाच्या माणसाला शोधत गावभर फिरतेय.’’ ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मग त्या नावाला कंस झालाय का बघ. कंस झाला असेल तर फेरफाराचा नंबर असेल. तो फेरफार काढून वाच, म्हणजे कुणी आणि कशावरून केला ते कळेल.’’

ज्यांनी हाताने लिहिलेले जुने सातबारे पाहिलेत त्यांना हे कळेल. नाव कमी करायचं झालं तर तलाठी ते खोडून टाकत नसे. त्याला कंस करायचा, शेजारी फेरफार क्रमांक लिहायचा, आणि गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली बदलाचं कारण असायचं. मंडळ अधिकाऱ्याची सही झाली की तो फेरफार मंजूर. पन्नास वर्षांनी कुणी आलं तरी आधी कुणाचं नाव होतं आणि ते का गेलं, हे त्याला वाचता येतं. आप्पांनी सांगितलं तसं मी केलं, आणि त्या आठवड्यात यीस्टच्या जीनोमचे फेरफार वाचायला लागले. आज इतक्या वर्षांनी माझ्या कामाचा मोठा हिस्सा तोच आहे.

त्या कंसामागची हकीकत अशी. यीस्टचं पहिलं क्रोमोसोम वाचून झालं १९९२ मध्ये, तिसऱ्या क्रमांकाचं, सुमारे ३ लाख १५ हजार अक्षरांचं. ३५ लॅबनी वाटून घेतलेलं ते काम होतं. १९९६ मध्ये सोळाही क्रोमोसोम मिळून १ कोटी २० लाखांच्या आसपास अक्षरं पूर्ण झाली, युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान मिळून सहाशेवर शास्त्रज्ञांच्या हातून. पेशीकेंद्रक असलेल्या सजीवाचा पूर्ण वाचलेला हा पहिला जीनोम. पण अक्षरं वाचणं वेगळं आणि त्यात जनुकं कुठे आहेत ते आखणं वेगळं. आखायला एक सोपा नियम वापरला: एटीजी या सुरुवातीच्या खुणेपासून थांब्याच्या खुणेपर्यंत सलग १०० कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे शब्द, मिळाले तर ते जनुक धरायचं.

हा आकडा हवेतून आलेला नव्हता. ६४ कोडॉनपैकी तीन थांब्याचे. अक्षरं नुसती फासे टाकून मांडली, तरी १०० कोडॉन थांबा न लागता पार पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. एवढ्याने निर्धास्त व्हावंसं वाटतं, पण दोन्ही धाग्यांवर मिळून एटीजी लाखोंनी आहेत. लाखोंमधले शंभरात एकाहून कमी म्हणजेसुद्धा हजारांच्या घरात जातात. म्हणजे योगायोगाने लांब झालेले तुकडे यादीत शिरणारच होते, आणि खऱ्या जनुकाच्या आत, दुसऱ्या चौकटीत किंवा उलट धाग्यावर तर ते फारच सहज शिरतात. उलटीकडे १०० पेक्षा लहान असलेली खरी जनुकं बाहेर राहिली. ती नंतर एकेक करून आत घेतली गेली. यीस्टच्या नावांमागे ‘-ए’, ‘-बी’ अशी शेपटी दिसली की समजायचं, हा उशिरा आलेला पोटहिस्सा आहे.

चाळणी लागली २००३ मध्ये. मॅनोलिस केलिस, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या तीन जवळच्या भावंडांचे जीनोम वाचले, सॅकरोमायसिस पॅराडॉक्सस, मिकाटे आणि बायानस, आणि चौघांना ओळीने शेजारी मांडलं. खऱ्या जनुकात उत्क्रांती अक्षरं घालते-काढते ती तीनच्या पटीत, नाहीतर पुढचं सगळं वाचन बिघडतं. खोट्या जनुकाला तसली काळजी नसते. या कसोटीवर सुमारे ५०० जनुकं नाकारली गेली. त्याच सुमारास एसजीडीने सगळ्यांना तीन गटांत विभागलं: सिद्ध, अज्ञात कार्याचं आणि संशयास्पद. संशयास्पद गटातली नावं काढून टाकली नाहीत. ती अजून आहेत, कंस करून.

व्हीपीएस६३ सारख्या ठिकाणी मात्र ही कसोटी थेट लावता येत नाही. ते खऱ्या जनुकाच्या पोटातच बसलंय. वायपीटी६ ला आपली चौकट जपायची आहे, म्हणून तिथे अक्षरं तीनच्याच पटीत कमीजास्त होणार, आणि त्या आडोशाने व्हीपीएस६३ ची चौकटसुद्धा जपल्यासारखी दिसणार. अशा वेळी बघायचं ते हे, की बदललेली अक्षरं कोणाच्या सोयीने बदलली आहेत. वायपीटी६ च्या कोडॉनमधलं तिसरं अक्षर बदललं तर अमिनो आम्ल बहुधा तेच राहतं. भावंडांमधले फरक त्या तिसऱ्या घरांत गोळा होत असतील, तर जमीन वायपीटी६ कसतोय हे उघड आहे.

मला तेवढ्याने समाधान नव्हतं. आठ महिने गेले होते, स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं होतं. तीन प्लास्मिड, म्हणजे पेशीत बाहेरून घालता येणारी डीएनएची कडी, बनवले. पहिल्यात वायपीटी६ जसंच्या तसं. दुसऱ्यात एक अक्षर असं बदललं की व्हीपीएस६३ च्या चौकटीत लगेच थांबा यावा, पण वायपीटी६ चं एकही अमिनो आम्ल बदलू नये. अशी जागा शोधायला कागदावर दोन्ही चौकटी वरखाली लिहून दोन संध्याकाळ घालवल्या. तिसऱ्यात नेमकं उलटं, व्हीपीएस६३ शाबूत आणि वायपीटी६ मध्ये थांबा. ३७ अंशाला पहिला आणि दुसरा प्लास्मिड घेतलेलं यीस्ट भरभरून वाढलं. तिसरा घेतलेलं वाढलं नाही. ती प्लेट बघताना मला जो आनंद झाला, तो नवीन जनुक सापडल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. प्रबंधात त्याचं अर्धं पान आहे.

त्यानंतर मला नादच लागला. विशेषतः एका प्रकारच्या जागांचा: दोन जनुकं एकापाठोपाठ, एकाच धाग्यावर, वेगवेगळ्या चौकटीत, मध्ये थांबा. नकाशावर हे सगळं सारखंच दिसतं. बघणाऱ्याला पटकन वाटतं की इथे एक अक्षर वाचायचं राहिलंय, जोडून टाका. यातली तीन उदाहरणं मी दरवर्षी नव्या मुलांना देते आणि काय वाटतं ते सांगा म्हणते.

पहिलं वायएफएल००७डब्ल्यू आणि वायएफएल००६डब्ल्यू, सहावं क्रोमोसोम. इथे खरोखरच मूळ वाचनात चूक होती. क्रम दुरुस्त झाला तशी दोन जनुकं मिळून एक झालं, ब्लिम१०, दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं भलंथोरलं प्रथिन, प्रोटिएसोमच्या, म्हणजे नको असलेली प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राच्या, तोंडावर टोपीसारखं बसणारं. वायएफएल००६डब्ल्यू ला कंस झाला, ‘विलीन’ म्हणून.

दुसरं वायओआर२३९डब्ल्यू आणि वायओआर२४०डब्ल्यू. इथे वाचनात काहीही चूक नाही. अक्षरं तशीच आहेत, थांबा खरा आहे, आणि तरीही प्रथिन एकच आहे. पहिल्या तुकड्याच्या शेवटाजवळ सात अक्षरं येतात: सीटीटी-एजीजी-सी. रायबोसोम, म्हणजे अक्षरं वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, सीटीटी वर असतो. पुढच्या एजीजी साठी लागणारा टीआरएनए, म्हणजे अमिनो आम्ल आणून देणारा रेणू, यीस्टमध्ये दुर्मीळ, म्हणून तो यायची वाट बघत रायबोसोम रेंगाळतो. रेंगाळताना सीटीटी वर धरलेला टीआरएनए एक अक्षर पुढे सरकतो, टीटीए वर जाऊन बसतो, आणि पुढचा कोडॉन एजीजी ऐवजी जीजीसी वाचला जातो. चौकट बदलली, थांबा चुकला, दुसरा तुकडा सुरू. टीवाय१ हे जागा बदलणारे डीएनएचे उडते तुकडे हीच युक्ती वापरतात, आणि टेलोमियर, म्हणजे क्रोमोसोमची टोकं, सांभाळणारं ईएसटी३ सुद्धा ती वापरतं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. आमच्या या जोडीचं प्रथिन १९९८ मध्ये ॲक्टिनला, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या तंतूंना, चिकटणारं म्हणून सापडलं, एबीपी१४०. २०११ मध्ये कळलं की त्याची उजवी बाजू टीआरएनए वर मिथाइल चढवते. आणि डाव्या बाजूची पहिली १७ अमिनो आम्लं? २००८ पासून जगभरच्या लॅबमध्ये पेशींतलं ॲक्टिन उजळायला वापरतात ते लाइफॲक्ट म्हणजे तीच. ही जागा कुणी ‘वाचायची चूक’ म्हणून एक अक्षर घालून सरळ केली असती, तर प्रथिन कागदावर बरोबर आलं असतं आणि डीएनए खोटा झाला असता.

तिसरं वायएलएल०५२सी आणि वायएलएल०५३सी. इथे वाचनही बरोबर आणि रायबोसोमही सरकत नाही. पाणी आत-बाहेर नेणारं ॲक्वापोरिनचं हे जनुक, एक्यूवाय२, या स्ट्रेनमध्ये खरोखरच मोडलंय, मधली काही अक्षरं गळून चौकट बिघडली आहे. सिग्मा१२७८बी नावाच्या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये ते अखंड, एका ओळीत आहे. संदर्भाला धरलेलं यीस्ट एस२८८सी म्हणजे सगळ्या यीस्टचा नमुना नव्हे. त्याचा मुख्य पूर्वज, ईएम९३, १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेडजवळ एका सडक्या अंजिरावरून घेतलेला. पुढे लॅबमध्ये वाढताना-निवडताना काही जनुकं मोडली. एफएलओ८ या जनुकात मध्येच थांबा आलाय, म्हणून हे यीस्ट लांबट, तंतूंसारखं वाढत नाही. एचएपी१ या जनुकात टीवाय१ घुसून बसलंय. या मोडतोडीची ‘दुरुस्ती’ करायची नसते, ती जशी आहे तशीच नोंदवायची असते.

तीन जागा, नकाशावर सारख्याच, आणि तिन्हींचा फेरफार वेगळा. एकीत क्रम बदलायचा, एकीत क्रमाला हात न लावता जोड दाखवायची, एकीत दोन्ही तसंच ठेवून शेरा लिहायचा. म्हणून मला घाईने केलेल्या दुरुस्तीची धास्ती वाटते, चुकीच्या नोंदीपेक्षा जास्त. चुकीची नोंद कुणीतरी तपासतं. दुरुस्त झालेली नोंद सहसा कुणी तपासत नाही.

आणि मला खरोखर मनापासून वाटतं ते हे, की डेटाबेसमधल्या नोंदी तपासून नीट ठेवण्याचं हे काम करणाऱ्या क्युरेटर लोकांचं नाव कुठल्या शोधाच्या बातमीत येत नाही, पण माझ्यासारख्या कितीतरी जणींची वर्षं त्यांनी वाचवली आहेत. पेपर वाचायचे, कुठल्या पुराव्यावरून काय ठरलं ते लिहायचं, जुनं नाव जपून ठेवायचं. आजही कुठेतरी हजारो स्ट्रेन चाळले जातात, निकालाच्या यादीत व्हीपीएस६३ येतं, आणि कुणीतरी ते ‘नवीन’ म्हणून छापतं. असा पेपर दिसला की मी लेखकांना दोन ओळी पाठवते, ते वायपीटी६ च्या पोटात आहे म्हणून. बरेचदा उत्तर येतं, आणि चांगलं येतं.

माझ्याकडे आता उन्हाळ्यात शिकायला मुलं येतात. पहिला आठवडा पिपेट हातात देत नाही. ज्याला जे जनुक हवं त्याचं पान उघडायचं, डावीकडचे-उजवीकडचे शेजारी बघायचे, उलट धागा बघायचा, इतिहासाचा भाग शेवटपर्यंत वाचायचा, आणि फाइल कुठल्या तारखेची आहे ते वहीत लिहायचं. मुलं कंटाळतात. यंदा आलेली चंदगडची एक मुलगी तिसऱ्या दिवशीच पळत आली, तिच्या यादीतली दोन नावं संशयास्पद निघाली होती, दोन्ही खऱ्या जनुकांवर चढलेली. तिचा चेहरा बघून मला माझी ती सकाळ आठवली, फक्त तिचे तीनच दिवस गेले होते.

ते जुने स्ट्रेन मी टाकले नाहीत. परवा फ्रीझर आवरताना ती डबी हाताला लागली, टेपवर माझ्याच अक्षरात वायएलआर२६१सी, शाई फिकी झालेली. नवीन टेप लावली, नाव पुन्हा लिहिलं आणि त्याला कंस केला. रात्री आप्पांना सांगितलं तर खूश झाले. मग लगेच म्हणाले, ‘‘आणि नंबर? कशावरून केला त्याचा नंबर नको का शेजारी?’’

सकाळी जाऊन कंसाबाहेर लिहून आले: वही ४, पान ११२.